रसाभासातील रसास्वाद : ‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) या चित्रपटाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

चांगली कलाकृती आनंद देते आणि वाईट कलाकृती कंटाळा आणते, हे समीक्षेचे एक अव्यक्त गृहीतक आहे. या गृहीतकाला छेद देणारा एक अनुभव चित्रपटाच्या प्रेक्षकाला मात्र पुष्कळदा येतो. कथानक विस्कळीत, अभिनय कृत्रिम, राक्षस हास्यास्पद, तंत्र तोकडे, आणि तरीही प्रेक्षक जागेवरून उठत नाही. एवढेच नव्हे, तर तो चित्रपट पुन्हा पाहतो, मित्रांना दाखवतो, त्यातील संवाद पाठ करतो. इंग्रजीत अशा चित्रपटांचे वर्णन ‘इतका वाईट की चांगला’ अशा अर्थाच्या शब्दप्रयोगाने केले जाते. हा शब्दप्रयोग चटकदार आहे, परंतु त्याने काहीच उलगडत नाही. वाईटपणाचे प्रमाण वाढत गेले म्हणजे एका टप्प्यावर त्याचे रूपांतर चांगलेपणात होते, असे म्हणणे तर्काला धरून नाही. असे असते तर सर्वांत वाईट चित्रपट सर्वांत आनंददायक ठरले असते. प्रत्यक्षात बहुसंख्य वाईट चित्रपट केवळ वाईटच असतात आणि विस्मृतीत जातात.

मग काही थोड्या सदोष चित्रपटांतून मिळणारा आनंद नेमका कशाचा असतो? तो दोषांचा आनंद आहे, की दोष असूनही टिकून राहिलेल्या कशाचा तरी? आणि ज्यांनी हे चित्रपट मनापासून निर्माण केले त्यांना हसण्याचा अधिकार प्रेक्षकाला कितपत आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार फिल टकर दिग्दर्शित ‘रोबॉट मॉन्स्टर’ या अमेरिकन चित्रपटाच्या आधारे केला आहे. त्यासाठी पाश्चात्त्य चित्रपटसमीक्षेतील काही संकल्पनांबरोबरच भारतीय साहित्यशास्त्रातील हास्य, औचित्य व रसाभास या संकल्पनांचा उपयोग केला आहे. सदोष कलाकृतीच्या आस्वादाविषयी या परंपरेत जो सूक्ष्म विचार झाला आहे, तो आधुनिक लोकप्रिय कलांच्या संदर्भात फारसा वापरला गेलेला नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

चित्रपटाची निर्मिती आणि कथानक

‘रोबॉट मॉन्स्टर’ १९५३ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो काळ त्रिमितीय चित्रपटांच्या पहिल्या लाटेचा होता. दूरचित्रवाणीमुळे घरी बसू लागलेला प्रेक्षक चित्रपटगृहाकडे परत आणण्यासाठी निर्माते नवनव्या क्लृप्त्या योजत होते. अणुबाँब आणि शीतयुद्ध यांच्या छायेत परग्रहवासीयांच्या आक्रमणाचे चित्रपटही मोठ्या संख्येने निघत होते. टकरने या दोन्ही प्रवाहांना एकत्र आणले. चित्रीकरण लॉस एंजेलिसमधील ब्रॉन्सन कॅन्यन या जुन्या दगडखाणीच्या परिसरात अवघ्या चार दिवसांत उरकले गेले. निर्मितिखर्चाचा सामान्यतः दिला जाणारा आकडा १६ हजार डॉलर एवढा अल्प आहे. पटकथा वायट ऑर्डंग यांची असून चित्रपटाची लांबी तासाभरापेक्षा थोडीशीच अधिक आहे.

कथानक असे : जॉनी नावाचा लहान मुलगा आई व बहिणींसह सहलीला आला आहे. तेथील गुहेजवळ त्याला एक वृद्ध संशोधक आणि त्यांचा तरुण सहकारी भेटतात. पुढे जॉनी जागा होतो तेव्हा जग बदललेले असते. ‘रो-मॅन’ नावाच्या परग्रहवासीयाने आपल्या संहारक किरणांनी पृथ्वीवरील मानवजात नष्ट केली आहे आणि केवळ आठ माणसे उरली आहेत. वृद्ध संशोधक आता जॉनीचे वडील झालेले आहेत. त्यांनी तयार केलेल्या लसीमुळे ही माणसे वाचलेली असतात. रो-मॅनला त्याचा वरिष्ठ ‘ग्रेट गायडन्स’ उरलेल्यांचा नाश करण्याचे आदेश देत राहतो. परंतु रो-मॅन जॉनीची मोठी बहीण अ‍ॅलिस हिच्यावर आसक्त होतो आणि कर्तव्य व भावना यांच्या कात्रीत सापडतो. अखेरीस वरिष्ठ त्याला ठार करतो आणि प्रागैतिहासिक प्राणी सोडून पृथ्वीचा विध्वंस आरंभतो. जॉनीला जाग येते आणि सारे स्वप्न होते असे कळते. तथापि शेवटच्या दृश्यात रो-मॅनसारखाच प्राणी गुहेतून बाहेर पडून प्रेक्षकांच्या दिशेने चालत येतो, आणि तेच दृश्य लागोपाठ तीन वेळा दाखवले जाते.

या राक्षसाचे रूप हाच चित्रपटाच्या कीर्तीचा मुख्य आधार आहे. टकरला यंत्रमानवाचा पोशाख हवा होता, परंतु तो परवडणारा नव्हता. जॉर्ज बॅरोज या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. तोच घेऊन त्यावर पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे अँटेनायुक्त शिरस्त्राण चढवण्यात आले. अशा रीतीने शीर्षकातील ‘रोबॉट’ मानेखाली केसाळ वानर झाला. गुहेतील त्याच्या संदेशयंत्रणेशेजारी साबणाचे बुडबुडे सोडणारे एक यंत्र सतत चालू असते. श्रेयनामावलीत त्या यंत्राचा आणि ते पुरवणाऱ्या कंपनीचा सन्मानपूर्वक उल्लेख आहे. विध्वंसाची दृश्ये ‘वन मिलियन बी. सी.’ (१९४०) या जुन्या चित्रपटातून उसनी घेतलेली आहेत. त्यांत कृत्रिम कल्ला चिकटवलेली मगर आणि मोठा सरडा यांची झुंज आहे.

विकृतीचे दोन परिणाम : भय आणि हास्य

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्य रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत वेष व विकृत अलंकार यांना अग्रस्थान आहे. त्याखेरीज धार्ष्ट्य, लौल्य, असंबद्ध बडबड, व्यंगदर्शन व दोषांचे कथन यांचाही समावेश त्यात होतो. भयानक रसाच्या विभावांतही विकृत आवाज व भीतिदायक सत्त्वांचे दर्शन यांचा उल्लेख आहे. म्हणजे ‘विकृत’ हे विशेषण दोन्ही रसांच्या मुळाशी आहे. जे नेहमीच्या आकारापासून ढळले आहे ते भयही उत्पन्न करू शकते आणि हास्यही. कोणता रस निष्पन्न होईल हे विकृतीच्या प्रमाणावर अवलंबून नसते. त्या विकृतीला कलाकृतीच्या जगात कोणते स्थान मिळाले आहे, यावर ते ठरते.

रो-मॅनच्या बाबतीत हे स्थान डळमळीत आहे. वानर म्हणून तो आदिम पशुत्वाचे भय सुचवू शकला असता, आणि यंत्रमानव म्हणून भावनाशून्य बुद्धीचे. दोन्ही एकत्र आल्यामुळे एक भय दुसऱ्याला खोडून काढते. पृथ्वीवरील अब्जावधी माणसांना क्षणात भस्मसात करणारा हा जीव उरलेल्या मूठभर माणसांना शोधण्यासाठी उन्हातान्हात टेकडी चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. त्याच्या सामर्थ्याविषयी संवादांतून जे सांगितले जाते आणि डोळ्यांना जे दिसते, त्यांतील अंतर प्रेक्षकाला हसवते. क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात गळ्यात मेखला आणि कमरेला हार घालणाऱ्याचे जे हसे होते, त्याचा दृष्टांत दिला आहे. तेथे मेखला वाईट नाही आणि हारही वाईट नाही, फक्त त्यांची जागा चुकली आहे. गोरिलाचा पोशाखही वाईट नव्हता. बॅरोजने तो स्वतः तयार केलेला होता आणि अन्य चित्रपटांत तो गोरिला म्हणून व्यवस्थित चालून गेला होता. अनौचित्य वस्तूत नसून संबंधात असते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

अभिनवगुप्ताने या विचाराला एक महत्त्वाची जोड दिली. अनौचित्याने प्रवृत्त झालेला कोणताही भाव हास्याचा विभाव होऊ शकतो, म्हणून सर्वच रसांच्या आभासांतून हास्य निर्माण होणे शक्य आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. सीतेविषयी रावणाला वाटणारी अभिलाषा हे शृंगाराभासाचे त्याने चर्चिलेले प्रसिद्ध उदाहरण होय. रो-मॅनची अ‍ॅलिसविषयीची आसक्ती या उदाहरणाच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. पात्र अयोग्य, प्रसंग अयोग्य, प्रतिसादाची शक्यता शून्य. तथापि भयानक, वीर, करुण व शृंगार अशा चारही रसांचे आभास एकाच तासात एकामागून एक यावेत, हे मात्र सहसा घडत नाही. ‘रोबॉट मॉन्स्टर’चा आनंद केवळ एका फसलेल्या राक्षसाचा नाही. एका संपूर्ण गंभीर रचनेचा प्रत्येक सांधा निखळत असतानाही ती रचना गंभीरपणे उभी राहण्याचा प्रयत्न करते, हे पाहण्याचा तो आनंद आहे.

निष्ठा, हेतू आणि कंटाळा

येथे एक आक्षेप संभवतो. अनौचित्य हेच हास्याचे कारण असेल, तर प्रत्येक अनुचित चित्रपट आनंददायक का होत नाही? या आक्षेपाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग दोषांच्या स्वरूपाविषयीचा आहे. बहुसंख्य वाईट चित्रपटांतील दोष उणिवेचे असतात. कल्पना नाही, ऊर्जा नाही, आग्रह नाही, केवळ सवयीने जुळवलेली दृश्ये आहेत. अशा दोषांतून आभासही निर्माण होत नाही, कारण आभास होण्यासाठी रसाकडे झेप घ्यावी लागते. ‘रोबॉट मॉन्स्टर’चे दोष अतिरेकाचे आहेत. सोळा हजार डॉलरांत मानवजातीचा अंत, परग्रहावरील राज्यव्यवस्था, अंतराळतळ, विवाहसोहळा, बालकाचा मृत्यू आणि कर्तव्य व प्रेम यांतील द्वंद्व एवढे सारे साधण्याचा अट्टहास येथे आहे. महत्त्वाकांक्षा आणि साधने यांतील हे अंतर जितके मोठे, तितका आस्वाद समृद्ध होतो.

दुसरा भाग हेतूविषयीचा आहे. सुझन सोंटॅग यांनी ‘नोट्स ऑन कॅम्प’ (१९६४) या निबंधात निरागस आणि हेतुपुरस्सर अशा दोन प्रकारांत भेद केला, आणि शुद्ध प्रकार नेहमी निरागस असतो, त्याच्या मुळाशी गांभीर्य असते व ते गांभीर्य फसलेले असते, असे मत मांडले. पुढील काळातील अनुभव या भेदाला दुजोरा देतो. ‘शार्कनॅडो’ (२०१३) या दूरचित्रवाणी चित्रपटात वादळाबरोबर शार्क मासे आकाशातून शहरावर कोसळतात. त्याच्या कर्त्यांना आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक होते. परिणामी प्रेक्षकाला शोधण्यासारखे काही उरत नाही, हसण्याच्या जागा आधीच आखून दिलेल्या असतात. ‘रोबॉट मॉन्स्टर’मध्ये एकही पात्र प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावत नाही. जॉर्ज नेडर आणि क्लॉडिया बॅरेट प्रेमप्रसंग मनापासून करतात. एल्मर बर्नस्टाइन यांचे पार्श्वसंगीत तर एखाद्या भव्य शोकांतिकेला शोभावे इतके गंभीर आहे. हसण्याचा शोध येथे प्रेक्षकाने स्वतः लावायचा असतो.

या आस्वादातील मनोव्यापाराचे वर्णन करण्यास मराठी साहित्यविचारातील एक संकल्पना उपयोगी पडते. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक कलाकृतीतील परक्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण स्वतःची भूमिका सर्वस्वी विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंद आहे, असा तिचा आशय आहे. यशस्वी चित्रपटात या दोहोंपैकी तादात्म्याचे पारडे जड असते. सदोष चित्रपटात विकल्पाचे पारडे जड होते. प्रेक्षकाला एकाच वेळी रो-मॅन दिसतो आणि कडक उन्हात जड केसाळ पोशाख घालून टेकडी चढणारा नटही दिसतो. कथा आणि कथेची निर्मिती या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर उलगडत जातात. जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा उपेक्षित चित्रपटांच्या रसिकतेला ‘पॅरासिनेमा’ असे नाव दिले, आणि या रसिकांचे लक्ष पडद्यावरील कल्पित जगाकडून चित्रपटनिर्मितीच्या वास्तवाकडे वळते, हे दाखवून दिले. केळकरांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे समाधी क्षीण होते, परंतु तुटत नाही. ती तुटली की उरतो तो कंटाळा.

काळाचे अंतरही या प्रक्रियेत कार्य करते. भारतीय संदर्भात रामसे बंधूंच्या चित्रपटांचे उदाहरण घेता येईल. महाबळेश्वरला चित्रित झालेला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) किंवा ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहताना त्या काळातील प्रेक्षक खरोखर घाबरत होता. आज तेच चित्रपट पाहणारी पिढी मुखवट्यांना, धुराला आणि करकरणाऱ्या दारांना हसते. म्हणजे जे एकेकाळी रस होते ते आज आभास ठरले आहे. अर्थात दोन्ही उदाहरणे सर्वस्वी सारखी नाहीत. रामसे बंधूंनी आपल्या प्रेक्षकाला हवे ते दिले आणि व्यावसायिक यश मिळवले, तर टकरच्या चित्रपटातील विसंगती पहिल्या दिवसापासून उघड होती. तरीही कमी पैशांत, कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या बळावर भय निर्माण करण्याची धडपड दोन्हीकडे समान आहे.

उपहास की आस्था?

भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशा तीन प्रकृतींत विभागणी केली आहे. ही विभागणी बाह्य लक्षणांवर आधारलेली असली, तरी हसणे हे हसणाऱ्याचीही परीक्षा करते हे त्यातून सूचित होते. सदोष चित्रपटाच्या आस्वादातील खरा कळीचा प्रश्न येथेच आहे.

‘रोबॉट मॉन्स्टर’ची आजची कीर्ती मुख्यत्वे दोन गोष्टींमुळे आहे. हॅरी मेडवेड यांच्या ‘द फिफ्टी वर्स्ट फिल्म्स ऑफ ऑल टाइम’ (१९७८) या पुस्तकात त्याची गणना झाली. त्यानंतर हॅरी व मायकल मेडवेड या बंधूंनी ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ (१९८०) या पुस्तकात रो-मॅनला सर्वांत हास्यास्पद राक्षसाचा ‘पुरस्कार’ दिला. पुढे ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या हंगामात, पडद्यासमोर बसून शेरे मारणाऱ्या पात्रांच्या साथीने हा चित्रपट नव्या पिढीपर्यंत पोहोचला. या दोन प्रकारांतील हास्य एकाच जातीचे नाही. पुरस्काराचे रूप धारण केलेला उपहास वरून खाली पाहतो. त्यात हसणाऱ्याच्या अभिरुचीचे श्रेष्ठत्व सिद्ध होते आणि चित्रपट केवळ निमित्त ठरतो. अभिरुची ही सामाजिक प्रतिष्ठेची खूण म्हणून कशी वापरली जाते, याचे पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये केलेले विश्लेषण येथे लागू पडते. चांगल्या चित्रपटाची प्रशंसा करून जे श्रेष्ठत्व मिळते, ते वाईट चित्रपटाची योग्य प्रकारे थट्टा करूनही मिळवता येते. याउलट शेरे मारत का होईना, पण संपूर्ण चित्रपट सोबत बसून पाहणाऱ्याचे हास्य सहवासातून येते. त्यात चित्रपटाला वेळ दिलेला असतो.

हा भेद केवळ सैद्धांतिक नाही. १९५३ च्या डिसेंबरमध्ये फिल टकरने आत्महत्येचा प्रयत्न केल्याची वार्ता अमेरिकन वृत्तपत्रांत आली. त्या वार्तेत त्याच्या बेकारीचा आणि नैराश्याचा संदर्भ होता. पुढील काळात या घटनेचा संबंध थेट चित्रपटाच्या नालस्तीशी जोडला गेला आणि ‘इतका वाईट चित्रपट की दिग्दर्शकाने जीव देऊ पाहिला’ अशी एक आख्यायिका रूढ झाली. म्हणजे एका माणसाचे दुःखही विनोदाच्या सामग्रीत जमा करण्यात आले. टकर त्यातून वाचला. त्याने नंतरही चित्रपट केले, त्यांत ‘द केप कॅनाव्हरल मॉन्स्टर्स’ (१९६०) हा आणखी एक राक्षसपट होता. परंतु दोषदर्शनातील आनंद किती सहजपणे क्रौर्याकडे झुकतो, याचे हे उदाहरण दृष्टीआड करता येत नाही.

या चित्रपटात काम करणाऱ्या इतरांच्या परिस्थितीकडे पाहिल्यास हास्याला आणखी एक परिमाण लाभते. एल्मर बर्नस्टाइन यांच्याकडे तेव्हा मोठ्या चित्रपटांचे काम नव्हते. डाव्या विचारांशी संबंध असल्याच्या संशयामुळे त्या काळात त्यांना अशा किरकोळ चित्रपटांवर गुजराण करावी लागत होती. त्याच बर्नस्टाइन यांनी पुढे ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) यांचे संगीत दिले आणि ‘थरली मॉडर्न मिली’ (१९६७) साठी ऑस्कर पारितोषिक मिळवले. जॉनीच्या आईची भूमिका करणाऱ्या सेलेना रॉयल यांनी ‘द सलिव्हन्स’ (१९४४) या गाजलेल्या चित्रपटात पाच पुत्र युद्धात गमावणाऱ्या मातेची भूमिका केली होती. काळ्या यादीच्या राजकारणाने त्यांची कारकीर्द मोडकळीस आणली होती. मानवजातीचा अंत झाल्यावर उरलेल्या मूठभर लोकांची ही कथा चित्रित करण्यासाठी त्या दगडखाणीत जे जमले होते, त्यांतील काहीजण आपल्या व्यवसायाच्या जगातून खरोखरच हद्दपार झालेले होते. हे माहीत झाल्यावरही प्रेक्षक हसतोच, पण त्याच्या हसण्याचा रोख बदलतो. दोष माणसांच्या कर्तृत्वात कमी आणि परिस्थितीत अधिक दिसू लागतो.

रो-मॅनचा पेच

आतापर्यंतच्या विवेचनात चित्रपटाचे यश त्याच्या अपयशातून निष्पन्न होते असे दिसले. परंतु एका ठिकाणी हा चित्रपट अपयशी असूनही प्रत्यक्ष यशापर्यंत पोहोचतो, आणि तो विचार टाळणे अन्यायाचे होईल.

अ‍ॅलिसला मारण्याचा आदेश मिळाल्यावर रो-मॅन एकटाच एक स्वगत बोलतो. आपण ते केलेच पाहिजे आणि तरी आपल्याला ते करता येत नाही. या दोन गोष्टी आलेखावर नेमक्या कोणत्या बिंदूवर मिळतात, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. त्याच्या संस्कृतीत सर्व गोष्टी आलेखावर मांडता येतात, फक्त ही एकच येत नाही. माणसासारखे हसावे, भावना असाव्यात, इच्छा असावी, असे त्याला वाटू लागते. वरिष्ठ त्याला यासाठीच दोषी ठरवतो. शिरस्त्राणामुळे चेहरा दिसत नाही, त्यामुळे नटाला केवळ हातवारे करता येतात आणि आवाज दुसऱ्याच नटाचा आहे. हे दृश्य प्रथम पाहताना हसू आवरत नाही.

अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत शृंगाराभासाचा विचार करताना क्रमाचा एक मुद्दा उपस्थित केला आहे. आभास असल्याचे ज्ञान नंतरच्या विचारात होते, पहिल्या क्षणी मात्र आस्वाद रसाचाच असतो, जशी शिंपली प्रथम चांदी म्हणून भासते. रो-मॅनच्या स्वगतात हा क्रम उलटा झालेला आढळतो. येथे पहिल्या क्षणीच आभास जाणवतो आणि हसू येते. नंतरच्या विचारात मात्र शिंपल्यात थोडीशी खरी चांदी असल्याचे ध्यानात येते. आदेश आणि अंतःकरण यांचा मेळ न बसणारा, ज्यांना मारायचे त्यांच्यासारखे होऊ पाहणारा, आणि त्याबद्दल स्वकीयांकडूनच मारला जाणारा हा जीव करुण आहे. अणुसंहाराच्या भयाने ग्रासलेल्या १९५३ सालच्या जगात संहाराचा आदेश पाळणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न व्हावी, ही कल्पना सामान्य नव्हती. अधिक पैसा, अधिक वेळ आणि चांगला पोशाख मिळाला असता तर हा प्रसंग कदाचित गंभीर म्हणून गणला गेला असता. पण तेव्हा तो इतका एकाकी वाटला असता का, हा प्रश्न उरतोच. स्वतःच्या शरीराशीही ज्याचा मेळ नाही, अशा प्राण्याच्या तोंडी तो पेच विलक्षण शोभून दिसतो.

चित्रपटाची स्वप्नचौकटही याच दृष्टीने पाहता येते. श्रेयनामावली चित्रकथांच्या आणि साहसकथांच्या मासिकांच्या पार्श्वभूमीवर येते आणि कथा एका मुलाच्या स्वप्नात घडते. भेटलेला संशोधक वडील होतो, बुडबुडे यंत्राचा भाग होतात, वानर आणि यंत्र एकरूप होतात, मध्येच महाकाय सरडे येतात. मुलाच्या स्वप्नाचा विचार केल्यास यांतील पुष्कळसे अनौचित्य औचित्यात परिणत होते. वडील नसलेल्या मुलाला स्वप्नात वडील मिळावेत, हा तर कथेतील सर्वांत सुसंगत भाग आहे. कर्त्यांनी हे सारे जाणीवपूर्वक योजले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. सोयीसाठी घेतलेली चौकटही कधी कधी कर्त्याच्या नकळत अर्थ धारण करते, एवढेच यातून म्हणता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सदोष राक्षसपटाचा आनंद हा वाईटपणाच्या अतिरेकाचा परिणाम नाही. गंभीर हेतूने रसाकडे घेतलेली झेप अनौचित्यामुळे आभासात परिणत झाली की त्यातून हास्य निष्पन्न होते. त्यासाठी महत्त्वाकांक्षा, निष्ठा आणि साधनांची तोकडी अवस्था या तिन्हींची आवश्यकता असते. महत्त्वाकांक्षा नसेल तर कंटाळा उरतो, निष्ठा नसेल तर तयार विनोद उरतो, आणि साधने पुरेशी असतील तर कदाचित एखादा सामान्य, सुबक, विसरण्याजोगा चित्रपट उरतो. दुसरे असे की, हा आनंद प्रेक्षकाच्या दुहेरी अवधानावर उभा असल्यामुळे त्यात निर्मितीच्या श्रमांचे दर्शन अटळपणे घडते. ते दर्शन घडूनही जो केवळ उपहास करतो, त्याने अर्धाच चित्रपट पाहिलेला असतो.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याला काही महत्त्व आहे. औचित्य, रसाभास, तादात्म्य या संकल्पना वर्गात बहुधा श्रेष्ठ कलाकृतींच्या आधारे शिकवल्या जातात. परंतु श्रेष्ठ कलाकृतीत सांधे दिसत नाहीत. सांधा कोठे असतो आणि तो कशाने जुळतो, हे निखळलेल्या रचनेत अधिक स्पष्ट दिसते. शिवाय विद्यार्थी ज्या गोष्टींना हसतो त्यांच्याविषयीही त्याला विचार करता यावा, आपण कोणाला आणि कोठे उभे राहून हसतो हे त्याने स्वतःला विचारावे, ही अपेक्षा साहित्यशिक्षणाच्या कक्षेबाहेरची मानता येणार नाही.

प्रदर्शनानंतर सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘रोबॉट मॉन्स्टर’ची त्रिमितीय आवृत्ती जतनकार्य करणाऱ्या अभ्यासकांनी नव्याने सिद्ध करून उपलब्ध करून दिली. चार दिवसांत उरकलेल्या चित्रपटाची प्रत्येक चौकट स्वच्छ करण्यासाठी चार दिवसांहून कितीतरी अधिक श्रम पडले असणार, यात शंका नाही. ज्याचा केवळ उपहासच करायचा असतो, त्याच्यासाठी एवढे श्रम कोणी घेत नाही.